कॅमेरा बंद पडतो तेव्हा : फुटलेल्या काचा आणि उरलेला इतिहास



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो, सरहद्दींबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. डोंगरदऱ्यांचे, बर्फाचे, देवळांचे जुने फोटो आपण पुस्तकांत बघतो. फोटो सुंदर असतो, खाली साल लिहिलेलं असतं, आणि आपण पान उलटतो. तो फोटो काढायला गेलेल्या माणसाचं सामान वाटेत फुटलं का, औषधं नासली का, पाणी मिळालं का, हे आपण विचारत नाही. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांतला निसर्गछायाचित्रणाचा इतिहास बघितला तर तो मोठ्या प्रमाणात बिघाडाचा इतिहास आहे. सामान बिघडल्यावर माणसाने काय केलं, यावर आज आपल्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे ठरलं आहे.

फौजेत आम्हाला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवतात. सामान बंद पडणारच, असं धरून योजना करायची. प्रश्न फक्त एवढाच की ते बंद पडल्यावर तुमच्या हातात काय उरतं. हाच प्रश्न घेऊन आपण पाच माणसांकडे बघू. त्यांतले दोघे आपल्या देशात फिरले, दोघे अमेरिकेतल्या डोंगरांत आणि एक थेट दक्षिण ध्रुवाच्या बर्फात.

आधी सामान म्हणजे काय ते समजून घेऊ

आज फोटो काढायला खिशातला फोन पुरतो. १८६० च्या दशकात चांगला फोटो काढायचा तर ‘वेट कोलोडिऑन’ ही पद्धत होती. काचेची स्वच्छ प्लेट घ्यायची. तिच्यावर कोलोडिऑन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरायचं. ते ईथर आणि अल्कोहोलमध्ये बनवलेलं असायचं. मग अंधारात ती प्लेट सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. सगळ्याला मिळून दहा-पंधरा मिनिटं. प्लेट सुकली की काम संपलं.

म्हणजे डोंगरावर कॅमेरा नेऊन भागत नव्हतं, अख्खी अंधारखोली न्यावी लागत होती. काळा तंबू, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, तबकं, तिपाई, आणि धुण्यासाठी स्वच्छ पाणी. निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायची सोय फारशी नव्हती. जेवढा फोटो हवा तेवढीच मोठी काच, आणि त्या काचेएवढा मोठा कॅमेरा.

आता यात काय काय बिघडू शकतं? काच फुटते. उन्हात ईथर उडून जातं. धूळ बसली की प्लेटवर ठिपके येतात. पाण्यात क्षार असतील तर चांदीचं द्रावण गढूळ होतं. थंडीत औषधं मंदावतात. आणि यातलं काहीही झालं तर जवळपास दुकान नाही.

सिमल्याहून मणिरंग खिंडीकडे

सॅम्युअल बोर्न हा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा बँकेतला कारकून. १८६३ साली तो नोकरी सोडून हिंदुस्थानात आला आणि सिमल्याला त्याने बस्तान बसवलं. पुढे चार्ल्स शेफर्डबरोबर त्याने जी पेढी काढली, ती ‘बोर्न अँड शेफर्ड’. कोलकात्यात राहिलेल्या मराठी मंडळींना हे नाव माहीत असेल. तिथला तो स्टुडिओ २०१६ साली बंद झाला.

बोर्नने हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. १८६३ साली सतलजच्या खोऱ्यातून आजच्या किन्नौरकडे, १८६४ साली काश्मीरकडे, आणि १८६६ साली कुलू, लाहौल, स्पिती करत गंगोत्रीकडे. तिसऱ्या मोहिमेत त्याने मणिरंग खिंडीत कॅमेरा लावला. तेव्हाच्या मोजणीप्रमाणे उंची १८,६०० फूट. एवढ्या उंचीवर ओल्या काचेच्या पद्धतीने फोटो काढणं हा त्या काळचा उच्चांक होता आणि तो पुढे बरीच वर्षं टिकला.

ज्यांनी त्या उंचीवर नोकरी केली आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. १८,००० फुटांवर बुटाची नाडी बांधताना धाप लागते. बोटं बधिर होतात. तिथे हा माणूस तंबूत बसून काचेवर द्रावण सारखं पसरवतो आहे. हात हलला तर प्लेट गेली.

बोर्नचं यश कशामुळे? तो काटेकोर होता, सामान भरपूर नेत होता, आणि ढग हटेपर्यंत वाट बघायची त्याची तयारी होती. हे सगळं खरं. पण इथे एक हिशेब अपुरा राहतो. ते भरपूर सामान कोण वाहत होतं? पहिल्याच मोहिमेत त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते. गावागावांतून पकडून आणलेले, बऱ्याचदा अनिच्छेने आलेले. काचांची पेटी पाठीवर घेऊन कड्याच्या अरुंद वाटेने चालायचं, आणि पडलात तर आधी पेटीची चौकशी. काही जण वाटेतून पळून गेले. अशा पळालेल्यांना गावात जाऊन शोधल्याचं आणि काठीचा प्रसाद दिल्याचं बोर्नने स्वतःच्या प्रवासवर्णनात लिहिलं आहे, आणि तेही फारसा संकोच न बाळगता.

बोर्नचं नाव प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आहे. पेटी न फोडता खिंडीवर पोचवणाऱ्या एकाचंही नाव त्या फोटोंवर नाही. फौजेत रसद पोचवणारी खेचरांची तुकडी नसेल तर पुढच्या चौकीवरचा जवान दोन दिवस टिकत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून बोर्नचा फोटो बघताना मला आधी त्या पाठी दिसतात. सामान बिघडलं नाही याचं श्रेय ज्यांना जायला हवं ते फोटोच्या चौकटीबाहेर उभे आहेत.

महिनाभराचं काम दरीत

आता अमेरिकेत जाऊ. विल्यम हेन्री जॅक्सन हा अमेरिकी सरकारच्या सर्वेक्षण मोहिमेचा छायाचित्रकार. या मोहिमेचा प्रमुख होता फर्डिनांड हेडन. १८७१ साली जॅक्सनने यलोस्टोनच्या गरम झऱ्यांचे आणि दऱ्यांचे जे फोटो काढले, ते अमेरिकी संसदेच्या सदस्यांपर्यंत पोचले, आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झालं. फोटोंमुळे एक मुलूख वाचला, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच जॅक्सनवर १८७३ साली कोलोरॅडोच्या डोंगरांत वाईट प्रसंग आला. निगेटिव्ह वाहून नेणाऱ्या खेचराचा पाय घसरला आणि काचांचा चुराडा झाला. सुमारे महिनाभराचं काम गेलं. दुसरी प्रत नाही. त्या काळी प्रत म्हणजे दुसऱ्यांदा फोटो काढणं.

जॅक्सनने काय केलं? तो परत फिरला. ज्या डोंगरांत धड वाट नव्हती तिथे पुन्हा गेला आणि पुन्हा फोटो काढले. सांगायला हे एक वाक्य आहे. करायला आठवडे लागतात, आणि बर्फ पडायच्या आत ते उरकावं लागतं.

त्याच उन्हाळ्यात, २४ ऑगस्ट १८७३ च्या सुमारास, त्याने ‘माउंट ऑफ द होली क्रॉस’ या शिखराचा प्रसिद्ध फोटो काढला. या शिखराच्या कड्यावर बर्फ साचून क्रुसाचा आकार दिसतो. समोरच्या डोंगरावर सामान चढवलं, तर वर ढग. रात्र तिथेच काढली. सकाळी आकाश स्वच्छ झालं, ऊन चांगलं, सगळं तयार. पण प्लेट धुवायला पाणी नाही. रात्रीच्या थंडीत सगळं गोठलेलं. सूर्य वर येऊन आसपासचा बर्फ वितळायला लागेपर्यंत थांबावं लागलं. तो फोटो अमेरिकेत घरोघरी भिंतीवर लागला. बर्फ वितळायची वाट बघण्यात गेलेली ती सकाळ त्यात दिसत नाही.

बर्फावर बसून फोडलेल्या काचा

फुटलेल्या काचांची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र अंटार्क्टिकातली आहे. फ्रँक हर्ली हा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार अर्नेस्ट शॅकल्टनच्या मोहिमेत होता. ‘एन्ड्युरन्स’ जहाज जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं. नऊ-दहा महिने बर्फाने ते आवळत नेलं. ऑक्टोबरच्या अखेरीस २८ माणसं जहाज सोडून बर्फावर उतरली. २१ नोव्हेंबर १९१५ रोजी जहाज बुडालं.

जहाज सोडलं तेव्हा हर्लीच्या काचा आतच होत्या. जस्ताचा पत्रा लावून झाळलेल्या पेट्यांत त्याने त्या ठेवल्या होत्या. म्हणजे बिघाड होणार हे धरूनच त्याने त्या बंद केल्या होत्या. मोडक्या जहाजात परत जाऊन, कपडे उतरवून, बर्फाच्या लगद्यासारख्या पाण्यात उतरून त्याने त्या पेट्या बाहेर काढल्या. पेट्यांत पाणी गेलं नव्हतं.

पण खरी परीक्षा पुढे होती. बर्फावरून होड्या ओढत न्यायच्या होत्या. प्रत्येक शेर वजनाचा हिशेब होता. शॅकल्टनने सर्वांना वैयक्तिक सामान टाकायला सांगितलं होतं आणि स्वतः सोन्याच्या वस्तू बर्फात टाकून उदाहरण घालून दिलं होतं. हर्ली आणि शॅकल्टन दोघे बर्फावर बसले. एकेक प्लेट उजेडाकडे धरून बघायची. ठेवायची ती बाजूला, टाकायची ती तिथल्या तिथे फोडायची. सुमारे सव्वाशे ठेवल्या, चारशेच्या आसपास फोडल्या. फोडायच्या का, नुसत्या ठेवून का नाही जायच्या? कारण मागे राहिल्या तर मन पुन्हा तिकडे वळेल. फुटल्या की विषय संपला.

हा निर्णय मला फार मोठा वाटतो. सामान बिघडणं हे दैवाचं. पण स्वतःच्या हाताने स्वतःचं चांगलं काम फोडून, उरलेलं नीट वाचवणं याला वेगळी छाती लागते. माघार घेताना काय न्यायचं आणि काय नष्ट करायचं याची यादी फौजेतही करावी लागते. ज्याला काहीच टाकवत नाही, तो बहुधा सगळंच गमावतो.

मोठे कॅमेरे तिथेच राहिले. हर्लीजवळ उरला एक छोटा ‘वेस्ट पॉकेट कोडॅक’ आणि फिल्मचे तीन रोल. पुढचे नऊ महिने, एलिफंट बेटावरून ३० ऑगस्ट १९१६ रोजी सुटका होईपर्यंत, एवढ्यावर भागवायचं होतं. त्यातून जेमतेम अडतीस फोटो उरले. आज आपण एका चहाच्या टपरीपाशी तेवढे काढतो.

फटीत काय भरायचं?

इथे गोष्ट संपली असती तर हर्ली निर्दोष नायक ठरला असता. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढचंही बघायला हवं. तीन रोलमध्ये सगळे प्रसंग मावणार नव्हतेच. मोहिमेच्या गोष्टीत नेमका जो क्षण लोकांना बघायचा होता, सुटकेचा, त्यासाठी हर्लीने वेगळाच फोटो वापरला. एप्रिल १९१६ मध्ये ‘जेम्स केअर्ड’ ही होडी मदत आणायला बेटावरून निघाली, तेव्हाचा तो फोटो. निरोपाला हात हलवणारी माणसं. त्यात फेरफार करून तो ‘सुटका’ म्हणून दाखवला गेला. पुढे पहिल्या महायुद्धातही त्याने अनेक निगेटिव्ह जोडून रणांगणाचे फोटो तयार केले, आणि ऑस्ट्रेलियाचे युद्ध-इतिहासकार चार्ल्स बीन यांच्याशी त्याचं यावरून जोरदार भांडण झालं. बीन यांचं म्हणणं सरळ होतं. ही नोंद आहे, आणि नोंदीत बनावट चालणार नाही.

मी बीन यांच्या बाजूचा आहे. चौकीवरून येणाऱ्या बातमीत ‘दिसलं नाही’ असं असेल तर तसंच वर कळवायचं असतं. रिकाम्या जागेत अंदाज भरून पाठवला की पुढे माणसं मरतात. फोटोत कोणी मरत नाही, पण पुढच्या पिढ्यांची समजूत चुकते.

याच संदर्भात एका फौजी छायाचित्रकाराची आठवण करायला हवी. कॅप्टन लिनियस ट्राइप, मद्रास आर्मीचा अधिकारी. १८५५ साली तो ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर होता. पुढे मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून त्याने १८५७-५८ मध्ये श्रीरंगम, मदुरै, तंजावर असा दौरा केला. उष्ण हवेत काचेचा आणि ओल्या औषधांचा भरवसा नाही, म्हणून त्याने मुख्यतः मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर काम केलं. कागद फुटत नाही, हलका असतो, आणि आधीच तयार करून ठेवता येतो. त्याची किंमत अशी की फोटोला वेळ जास्त लागतो. माणसं हलली की पुसट होतात. म्हणून ट्राइपच्या फोटोंत देवळं आहेत आणि माणसं फारच थोडी. तंजावरची ती ओस अंगणं खरोखर ओस होती असं समजू नका.

तंजावर म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात. ट्राइप तिथे गेला त्याच्या जेमतेम तीन वर्षं आधी, १८५५ मध्ये, दुसरे शिवाजी राजे वारले होते आणि भोसल्यांची गादी कंपनीने संपवली होती. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. ट्राइपने तिथे जो पराक्रम केला तो मंदिराच्या पायाभोवती कोरलेल्या जुन्या शिलालेखाच्या बाबतीत. एका फोटोत मावणार नाही, म्हणून त्याने २१ फोटो जोडून सुमारे १९ फूट लांबीची एक पट्टी तयार केली. एका कॅमेऱ्याची मर्यादा त्याने चिकाटीने ओलांडली, आणि तीही लेखातलं अक्षर न बदलता.

पण त्याच ट्राइपच्या आकाशाचं काय? त्या काळच्या निगेटिव्हला निळा रंग जास्त लागायचा, त्यामुळे आकाश पांढरंफटक यायचं. ट्राइप निगेटिव्हवर रंगाने ढग काढायचा. ते ढग बघून १८५८ च्या त्या दिवशी तंजावरात ढगाळ होतं असं कोणी लिहिलं तर फसेल. मग हे हर्लीसारखंच झालं का? मला फरक वाटतो. रंगवलेल्या ढगाने देवळाबद्दलची साक्ष बदलत नाही. निरोपाला सुटका म्हटलं की घटनाच बदलते. तरीही दोन्ही ठिकाणी आपण, बघणाऱ्यांनी, सावध राहायचं.

यंत्र गेलं, डोक्यात राहिलं

शेवटचं उदाहरण अॅन्सेल अॅडम्सचं. १९४१ च्या शरद ऋतूत तो न्यू मेक्सिकोत गाडीने चालला होता. हर्नांडेझ नावाच्या खेड्यावर चंद्र उगवलेला, आणि मावळत्या उन्हात स्मशानातले पांढरे क्रूस चमकत होते. गाडी थांबवून त्याने मोठा कॅमेरा उभा केला, तर उजेड मोजायचं यंत्र, लाइट मीटर, सापडेना. ऊन काही क्षणांत जाणार. चंद्राचा उजेड किती असतो, चौरस फुटाला २५० कॅन्डल, हा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून त्याने मनातल्या मनात गणित केलं आणि फोटो घेतला. दुसरा घ्यायला प्लेट उलटी करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं. एकच निगेटिव्ह. ‘मूनराइज’ नावाने तो फोटो जगभर गाजला.

इथे यंत्राला पर्याय म्हणून दुसरं यंत्र नव्हतं. पर्याय होता पाठांतर. जीपीएस बंद पडलं तर नकाशा आणि होकायंत्र, तेही गेलं तर ध्रुवतारा, हा क्रम जवानाला शिकवतात तो याचसाठी.

आपल्यासाठी काय?

तुमच्यापैकी पुष्कळ जण लडाखला, स्पितीला, सह्याद्रीत पावसाळ्यात कॅमेरा घेऊन जातात. तंत्र बदललं, पण बिघाडाची कारणं तीच आहेत. थंडी, पाणी, धूळ, धक्का आणि संपलेलं सामान. थंडीत बॅटरी लवकर संपल्यासारखी वाटते. तिला बनियनच्या खिशात अंगाशी ठेवा, ऊब मिळाली की थोडं काम पुन्हा देते. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनसिंगचा फोटो काढायच्या आधी एडमंड हिलरीनेही कॅमेरा सदऱ्याच्या आत ठेवला होता. गारठ्यातून उबदार खोलीत येण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, म्हणजे दव पिशवीवर जमेल, भिंगावर नाही. रोजचे फोटो दोन ठिकाणी उतरवा आणि त्या दोन गोष्टी एकाच बॅगेत ठेवू नका. जॅक्सनच्या खेचराचा धडा एवढाच आहे.

आणि सगळंच बंद पडलं तर वही काढा. तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, समोर काय दिसतं, बरोबर कोण आहे, हे लिहा. हिमालयात तुमचं सामान आजही कोणीतरी पाठीवर वाहत असतो. त्याला योग्य मजुरी द्या, आणि तुमच्या नोंदीत, त्याला चालत असेल तर, त्याचंही नाव लिहा. बोर्नच्या तीसेक माणसांची नावं आता शोधून मिळणार नाहीत. तुमच्या बरोबरच्या माणसाचं नाव मात्र तुम्ही आज संध्याकाळी विचारू शकता.

पुढच्या वेळी जुना फोटो बघाल तेव्हा दोन प्रश्न स्वतःला विचारा. या फोटोच्या आधी आणि नंतर किती काचा फुटल्या असतील? आणि जिथे काच फुटली तिथे नंतर कोणी काही रंगवून तर ठेवलं नाही ना? फोटो सुंदर आहे म्हणून तो खरा आहे असं नाही, आणि फोटो नाही म्हणून ती गोष्ट घडलीच नाही असंही नाही.

आज इथेच थांबू. जय हिंद.